लाडवातली गोळी

हसाचं असंन तं चहा खाली ठेवूनच हसा, नाई तं ठसका लागंन. बारा वर्षं झाली मले अंगणवाडीत. पांढुर्ण्यात आमच्या वार्डात अशी बाळंतीण नाई, जिले मी चार गोष्टी सांगतल्या नाई! अन् माह्याच बाळंतपणात मी काय केलं, आयका.

दुसऱ्या खेपेले पोरगी झाली. थायरॉइडची गोळी गरोदरपणापासून चालूच होती. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, अंगावर पाजतानाही बिनधास्त खा, लेकराले काई होत नाई. मले पक्कं ठाऊक! पण माह्या सासूबाई? त्या तं बाळंतिणीले वांगं खाऊ देत नाई, दुधातून लेकराले बाधते म्हणून. गोळी दिसली का फेकूनच देतीन, असं मीच ठरवून टाकलं.

विचारलं का त्याईले? छ्या! मी काऊन विचारू?

सकाळी डोळे उघडले का सासूबाई डिंकाचा लाडू अन् गिलासभर दूध घेऊन हजर. खाल्ल्याशिवाय हलत नाई! मंग मी डोकं चालवलं. त्या पाळण्याकडे वळल्या का गोळी लाडवात खुपसाची अन् वरून दूध. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. एका झटक्यात काम खतम. हाय का नाई हुशार?

पण दोन महिने झाले अन् दूध कमी होऊन राहिलं. पोरगी दोन घोट ओढे अन् रडे. माह्या अंगात उठाची ताकद नाई. लेकरू उपाशी रायते म्हणून मीही रडो. सासूबाईनं काय उपाय केला? लाडू दोन केले!

शेवटी रक्त तपासलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणे, "गोळी बंद कर दी क्या?"

"नाई मॅडम! एक दिवस चुकवली नाई."

"लेती कैसे हो?"

सासूबाई बाजूलेच पोरीले घेऊन बसल्या होत्या. आता काय लपवू? "लाडवात... दुधासंगं. कॅल्शियमही त्याच घोटात."

डॉक्टरीणबाई काई बोलाच्या आंधी सासूबाईच कडाडल्या, "अवं, रिकाम्या पोटी खा लागते थे गोळी! साध्या पाण्यासंगं. मंग तासभर काई नाई. अन् कॅल्शियम चार तासानं!"

"बिलकुल सही," डॉक्टरीणबाई म्हणे. "दूध-लड्डू के साथ गोली असर नहीं करती, इसीलिए तुम्हारा दूध घटा. डोस वही, तरीका बदलो. छे हफ्ते बाद फिर जांच."

मी पाहूनच राहिली. "आई, तुमाले कसं माईत?"

"आठ वर्षं झाले, मी तेच गोळी खाऊन राहिली."

घ्या! एका घरात दोन गोळ्या, अन् मले पत्ता नाई.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट नीट आला. पोरगी पोटभर पेऊन निवांत झोपू लागली, तवा कुठं माह्या जिवात जीव आला. मंग एक दिवस धीर करून विचारलं, "आई, माही गोळी दिसली असती तं फेकली असती का?"

"काऊन फेकू वं? गोळ्याइची पट्टी तं मी पयल्याच दिवशी पायली होती."

"मंग 'कशी खातं तू', हे मले विचारलं काऊन नाई?"

"घ्या! अंगणवाडीवालीले गोळी खाणं मी शिकवू काय?"