मायच्या पाठीवरचा कॅप्टन

कितीही धुतली तरी या जर्सीला कपाशीच्या पऱ्हाटीचा वास येतोच. कॉलेजात असताना मी ती हौसेनं मागवली होती. पाठीवर माझ्या आवडत्या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या जुन्या कॅप्टनचं नाव. एका सकाळी ती दोरीवर दिसेना. वावरात जाऊन पाहतो तर कापूस वेचताना बाया साडीवर जुना शर्ट घालतात, तशी मायनं ती चढवलेली. "काढ थे, माय! मोठ्या खेळाडूचं नाव हाय त्यावर." तिचे हात थांबले नाहीत. "काय केलं त्यानं?" "मोठमोठ्या क्लबांनी बोलावलं, तरी सारी उमर एकाच क्लबात खेळला." "मंग राहू दे त्याले वावरात. आपल्यातलाच हाय." आता उन्हानं नाव पार उडालंय, पण वेचणी आली की माय विचारतेच, "आपला मानूस कुठी ठेवला रे?"