भुतांच्या टोपल्यांतलं पाणी

दुसऱ्या चढावर राकमे अबी थांबली. कपाळाच्या पट्ट्याला अडकवलेली टोपली तिने खाली उतरवली.

"पाय तुझे तरणे, आणि धाप मला ऐकू येते! चर्चमध्ये बसून बसून जड झालीस."

"आणि तू पापात राहून वाळलीस, अबी."

ती खुदकन हसली. शेजारीण असली तरी मी तिला अबीच म्हणायची, थोरली बहीण. आमच्या गावात जुना धर्म पाळणारी ती एकटी उरली होती.

तिचा मुलगा वालसेंग कोळशाच्या खाणीच्या बिळात उतरला आणि ओढ्याचं पाणी आत घुसलं. ना तो निघाला, ना त्याचं हाड. जाळायला काही नाही, म्हणून त्याच्या नावाचा खांबही कुणी पुरला नाही. माझ्या मते तो देवापाशी होता. तिच्या मते तो बालपाक्रामच्या पठारावर, सगळे मेलेले जातात तिथे, उपाशी बसला होता.

त्या पठारावर वेलींना मेमांग कोकसी लोंबतात, भुतांच्या टोपल्या. पानाच्या टोकाला झाकणाची सुरई, आत पाणी, पाण्यात बुडालेले किडे. मेलेले त्यातून जेवतात म्हणे. गेल्या वर्षी कापणी झाल्यावर राकमे पहिल्यांदा तिथे गेली, तिने त्यांतलं पाणी ओतून दिलं आणि नवा भात भरला. "पाण्यात मेला गं तो. ताटात तरी पाणी नको."

यंदा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून मी सोबत.

वर पोचल्यावर ती चाचपडत खडकापाशी बसली. "पुन्हा पाण्याने भरल्यात का? बघून सांग."

पलीकडच्या वेलींवर तांबूस टोपल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. तिच्या वेलीवरच्या काळ्या, चुरगळलेल्या. आत गेल्या वर्षीच्या भाताचा बुरसटलेला गोळा.

"वाळल्यात, अबी."

"सगळ्या?"

"तू ओतलेल्या सगळ्या. पाण्यावरच जगतात गं त्या."

केळीच्या पानातली भाताची पुडी तिच्या मांडीवर तशीच राहिली. "म्हणजे त्याचं ताट मीच मोडलं," ती म्हणाली.

मग तिने चाचपडत माझा हात धरला.

"तुझा येशू पाण्यावरून चालला म्हणतेस ना? त्याला सांग. माझं नाव नको घेऊस, तो मला ओळखत नाही. एवढंच सांग, माझ्या पोराच्या मनातली पाण्याची भीती काढ. मग मी टोपलीत पाणी राहू देईन."