मेश्रामबाईंच्या जोड्या

बालाघाटच्या शाळेच्या सरांनी पोरं बसमध्ये कोंबली, डोकी मोजली आणि दार लावून घेतलं. बाहेर आमच्या शाळेच्या अंगणभर मधमाशा. "हमारे पूरे हैं!" ते काचेआडून ओरडले.

आमच्या मेश्रामबाईंनी गावची पोरं वर्गात घेतली होती. त्यांनी डोकी मोजली नाहीत. "जोडी कोठी हाय, सांगा," एवढंच म्हणाल्या. पोरं बसकडे बोटं दाखवू लागली. रेश्मा मात्र रडत बोलली, "बाई, माही पिंकी हातपंपावर गेलती. बसकडे नाई गेली."

पिंकी बालाघाटच्या शाळेची.

कटंगीजवळच्या आमच्या शाळेत मी पोरांचं जेवण शिजवते. दोन्ही शाळांची दोस्ती ठरली तेव्हा सर जुन्या दप्तरांचं पोतं घेऊन आले होते. बाईंनी ते पोतं परत गाडीत ठेवायला लावलं. "एक देनारा, एक घेनारा, मंग दोस्ती कायची? पोरं पाठवा सर. आमची बी तुमच्याकडं येतीन." सरांना मराठी कळे, पण बोलत हिंदीतच. पुढच्या वेळी ते पोरं घेऊन आले.

बाईंनी प्रत्येक पोराला दुसऱ्या शाळेतली एक जोडी लावून दिली. सोबत बसायचं, सोबत जेवायचं, जोडी कुठं आहे ते ठाऊक असायचं. सरांना ही कटकट वाटे. बाई गोड बोलणाऱ्या नव्हत्या. माझा भात गिचका झाला की पोरांसमोर विचारत, "काहून वो मावशी, आज खीर केली का?"

त्या दिवशी रेश्माचं ऐकून मी म्हटलं, "बाई, तिचे सर पाहून घेतीन." खरंच म्हटलं मी असं.

"सरचा आकडा पुरा झाला, मावशी. ते कायले पाहतीन?"

ओलं पोतं घेऊन त्या निघाल्या. मी भाताच्या पेंढ्याची, तणसाची, ओली जुडी चुलीत पेटवली आणि ती धरून धूर करत मागून गेले. पिंकी हातपंपाआड आखडून बसली होती. पोतं तिच्या अंगावर होतं. बाईंच्या अंगावर काहीच नव्हतं. केसांत, कानांत माशाच माशा.

सरांनी बसचं दार उघडलं तेव्हा आकडा कसा जुळला ते कळलं. आमच्या शाळेचा गोलू घाईत त्यांच्यात चढला होता. त्याच बसने आम्हा तिघींना दवाखान्यात नेलं.

पोरं अजून येतात-जातात. सर आता डोकी मोजत नाहीत, जोड्या विचारतात.

पिंकी वाचली. मी वाचले. मेश्रामबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.