कॅसेट नसलेला गेम

कोणतीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करायचे. चहाचा कप असला तर चहा संपेपर्यंत थांबायचे, मग उलटा करायचे. "वरची बाजू सगळेच चांगली करतात," म्हणायचे, "खालची बघितली का?" मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा माझं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र त्यांनी असंच पालथं घातलं, तळाचे स्क्रू निरखले, एक सैल असल्याचं सांगितलं आणि मगच दंड पुढे केला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. बारशाला आलेली भेटवस्तू सगळ्यांसमोर पालथी घालणारा. आधी राग येतो. मग आपणही नकळत वस्तूंच्या खाली बघायला लागतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत स्कूटरवरून घरोघरी जाते. हे काका अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त झाल्यावर मांजर्लीत राहायला आले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, ते आणि काकू. एकुलती एक मुलगी बंगळुरूला. काकांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. पाय लवकर सावरला, उजवा हात मात्र मागे राहिला. बोटं हलायची, पण उशिराने, आणि त्यांना स्पर्श कळायचा नाही.

"दुखतं का, काका?" मी विचारायची.

"दुखलं असतं तर बरं होतं, मॅडम. हात माझाच आहे, पण कुणीतरी माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखा वाटतो."

व्यायाम म्हणून मी तांदळाच्या ताटात राजमा मिसळून द्यायची. डोळे मिटून, बोटांनी चाचपून दाणे वेचायचे. ते डोळे मिटायचेच नाहीत. वेचलेला प्रत्येक दाणा उलटसुलट करून बघायचे. सुरकुतलेला असला की बाजूला टाकायचे. "हा रिजेक्ट."

काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तुमच्या रिजेक्टचीच उसळ खाताय रोज."

काही आठवड्यांत या ताटाचा त्यांना कंटाळा आला. मऊ चेंडूचाही आला. अंगठा तर हटूनच बसला होता. उल्हासनगरला माझा एक तरुण पेशंट होता, अपघातात मनगट मोडलेला. तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम खेळून खेळून अंगठा हलवायला लागला होता. मी ते सहज बोलून गेले.

सहज बोललेलं त्यांच्याकडे सहज राहायचं नाही. पुढच्या खेपेला गेले तर त्यांनी मुलीला फोन करून, शेजारच्यांना विचारून, मोबाइलवर वाचून सगळी चौकशी केलेली. दोन प्रकार असतात, त्यांनी मला सांगितलं. एकात कॅसेट घालावी लागते. दुसऱ्यात कॅसेटची खाचच नाही, सगळे गेम इंटरनेटवरून उतरवायचे. "त्या दुसऱ्याची मला शंका आहे," ते म्हणाले.

उल्हासनगरच्या बाजारात आम्ही तिघं गेलो. काका-काकू रिक्षाने, मी एक पेशंट उरकून स्कूटरवर. दुकानदार सिंधी, हसतमुख, काउंटरवर दोन्ही मांडून बसलेला. काकांनी दोन्ही पालथे घातले. कॅसेटवाला जड होता. डाव्या हातात ठीक, उजव्या हातात दिला की मनगट खाली यायचं. दुसरा हलका होता, चपटा, मनगट वर राहिलं. मी ते पाहिलं, काकूंनीही पाहिलं.

"गेम कहाँ है इसमें?" काकांनी विचारलं.

"अंकल, गेम ऊपर है."

"ऊपर मतलब?"

"सर्व्हर पे. आप अकाउंट बनाओ, डाउनलोड करो, खेलो."

काकांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. "खेळून झाला की दुसऱ्याला देता येतो?"

"नहीं ना साईं, आपका गेम आपका ही रहेगा."

"विकता येतो?"

"नहीं."

"मशीन बंद पडलं तर?"

"दूसरा ले लो. अकाउंट तो आपका है. गेम वापस आ जाएगा."

काकांनी मशीन पुन्हा पालथं घातलं. मग म्हणाले, "आणि मीच बंद पडलो तर?"

दुकानदाराचं हसू अर्धं राहिलं. "अरे अंकल, सुबह सुबह ऐसा मत बोलो." काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. बधिर हाताला ढोसलं, त्यांना कळलंही नाही.

काही न घेता आम्ही परतलो. दुपारी व्यायामाला गेले तेव्हा घरात तोच वाद चालू होता.

"अगं, विकत घेतलेली वस्तू म्हणजे काय? उद्या कुणाच्या हातावर ठेवता आली पाहिजे. हे तर भाड्याचं झालं, आणि भाडं म्हणून सांगतही नाहीत."

"तुम्ही काय मृत्युपत्रात गेम लिहून ठेवणार आहात का?"

"प्रश्न तो नाही. वस्तू कुठाय, एवढंच विचारतोय मी."

"वर आहे म्हणाला ना तो? आपल्या मांजर्लीत वर असलेलंच बरं. खाली असतं ते दर दोन वर्षांनी भिजतं."

यावर काका हसले. मुसळधार पावसात नदीचं पाणी सोसायटीत शिरलं की तळमजल्यावरच्यांचे मिक्सर, गाद्या, दप्तरं काकूंच्याच हॉलमध्ये चढायची. ते हसले, पण त्यांचं मत बदललं नाही.

मग मी बोलले. माझं काम होतं ते. झटक्यानंतरचे पहिले महिने महत्त्वाचे असतात, मी त्यांना सांगितलं. आत्ता जेवढं मिळवू तेवढंच आपलं, नंतर हात फारसा ऐकत नाही. काका खिडकीबाहेर बघत राहिले. काकू माझ्याकडे बघत होत्या.

दोन दिवसांनी काकू एकट्याच उल्हासनगरला गेल्या आणि तो हलका, बिनकॅसेटचा घेऊन आल्या. अकाउंट त्यांनीच उघडलं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर, दुकानदाराला समोर बसवून. काकांच्या मांडीवर खोका ठेवत म्हणाल्या, "आधी हात. मालकी मग बघू."

काकांनी खोका उलटा केला. खालचं सगळं बारीक छापलेलं वाचलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "उघड."

गेम होडीचा होता. एका नदीकाठी गावं, एका गावातला माल होडीत भरायचा आणि पुढच्या गावी उतरवायचा. लढाई नाही, घाई नाही. अंगठ्याने होडी वळवायची, दुसऱ्या बोटाने दोर सोडायचा. पहिल्या आठवड्यात त्यांची होडी रोज काठावर आपटली. त्यांनी गेमचीही तपासणी केली. "माल नीट बांधलेला नाही यांनी. असा माल आमच्याकडे गेटच्या बाहेर पडला नसता."

हळूहळू अंगठा चालायला लागला. स्पर्श मात्र आला नाही. मी एकदा विचारलं, "बटण दाबलेलं कळतं का आता?"

"नाही. बोटं काही सांगत नाहीत. होडी वळली की समजायचं, दाबलं."

काकू शेजारी बसून लसूण सोलत बघायच्या. होडी आपटली की "अहो, डावीकडे!" म्हणून ओरडायच्या. रात्रीच्या भाजीत काय घालायचं ते एकीकडे ठरवायच्या आणि दुसरीकडे कुठल्या गावी गूळ न्यायचा तेही. नदीवरची निम्मी गावं उघडली होती. एका गावाला काकूंनी आपल्या माहेरचं नाव दिलं होतं. तशी सोय होती त्या गेममध्ये. शेंगेच्या आकाराचं एक बेट होतं, तिथे त्यांनी काकांना मुद्दाम तीनतीनदा न्यायला लावलं, कारण तिथे बदकं होती.

काका आता पेलाही उजव्या हाताने उचलायचे. पेल्याकडे बघत बघत, पण उचलायचे.

काकू एका सकाळी गेल्या. आजारी नव्हत्या. भाजी घेऊन जिना चढल्या, दारातल्या खुर्चीवर बसल्या आणि पाणी मागितलं. काका पाणी घेऊन आले तोवर संपलं होतं. हे मला त्यांच्याकडूनच कळलं, पुढच्या आठवड्यात. त्यांनी ते कारखान्यातला अहवाल सांगावा तसं सांगितलं. कोणत्या हातात पेला होता, तेही सांगितलं. उजव्या. सांडला नव्हता.

ते रडले नाहीत. नातेवाईक आले, गेले, दहावं झालं, तेरावं झालं. मी व्यायामाला जायची. ते हात पुढे करायचे, मी बोटं वाकवायची. खरं सांगायचं तर मलाही काही जाणवत नव्हतं. मी नेहमीसारखी स्कूटर लावायची, नेहमीसारखी जिना चढायची. वर गेल्यावर लसणाचा वास नाही, एवढंच लक्षात यायचं.

मुलगी आली होती. शहाणी, कामाला वाघ. आईमागचं सगळं तिने एकटीने निस्तरलं. बँक, गॅस, मोबाइलचा नंबर, ईमेल. फसवणुकीचे प्रकार वाचले होते तिने, म्हणून आईचं काहीही उघडं ठेवायचं नाही असं ठरवून एकेक बंद केलं. फोन पुसून कपाटात ठेवला.

एक दिवस मी गेले तर काका सोफ्यावर गेम हातात धरून बसले होते. पडद्यावर होडी नव्हती. पुन्हा साइन इन करा, असं लिहिलेलं. कोड पाठवलाय म्हणत होता, काकूंच्या नंबरवर.

"मी त्या दुकानदाराला चुकीचा प्रश्न विचारला," काका म्हणाले. "मी बंद पडलो तर, असं विचारलं. ही गेली तर, हे विचारायचं सुचलंच नाही."

मुलीने कंपनीच्या लोकांशी फोनवर खूप हुज्जत घातली. समोरची बाई नम्र होती. अकाउंट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नवीन उघडा, गेम पुन्हा विकत घ्या. आणि जुनी गावं? ती त्या अकाउंटबरोबर. मुलीने फोन ठेवला आणि ती माझ्यासमोरच हमसून हमसून रडायला लागली. "बाबा, मी घाई केली. मला माहीत नव्हतं. आईचं गाव होतं त्यात."

काका उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. बधिर हात तिच्या पाठीवर ठेवला. "तू बरोबर केलंस. गेलेल्या माणसाचा नंबर बंद करायचाच असतो. रडू नकोस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्या नावाने उघड. घे तोच गेम."

तिने घेतला. नदी पहिल्यापासून सुरू झाली. पहिलं गाव, रिकामी होडी. काकांनी मशीन दोन्ही हातांत धरलं आणि खेळायला लागले. गावांना नावं द्यायची सोय आली, तेव्हा त्यांनी काहीच लिहिलं नाही. गेमने आपणहून जी दिली ती तशीच ठेवली. मी विचारलं नाही. होडी आता क्वचितच आपटायची, आणि आपटली तरी घरात कुणी ओरडत नव्हतं.

याच सुमारास शिरगावच्या एका कुटुंबाने मला विचारलं. त्यांच्या आजोबांचा हात असाच गेला होता. तो कॅसेट नसलेला गेम घ्यावा का, पैसे वाया तर नाही जाणार? मी म्हटलं, विचारून सांगते. काकांना फोन लावला.

ते म्हणाले, "हात कितपत चालतो?"

"तुमचा होता तितकाच."

"मग घ्यायला सांगा. हलका आहे, हाताला चांगला आहे. ठेवायला म्हणून घेत असतील तर मात्र नको. त्यात ठेवण्यासारखं काही राहत नाही." जरा थांबून म्हणाले, "आणि अकाउंट घरात दोघांना माहीत असू द्या. हे नक्की सांगा."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी घेतला.

पुढे मुलगी काकांना बंगळुरूला घेऊन गेली. निघायच्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून मांजर्लीला गेले. सोसायटीच्या फाटकाशी गाडी उभी, सामान भरलेलं. काकांनी आजवर माझ्याशी कधी हस्तांदोलन केलं नव्हतं. त्या दिवशी उजवा हात पुढे केला. पकड चांगली होती, अंगठा पूर्ण वळलेला. ते आमच्या हातांकडे खाली बघत होते.

"धरलाय ना?"

"धरलाय, काका. घट्ट."

"मग ठीक," म्हणाले आणि हात सोडला.

त्यानंतर फोन झाले, दिवाळीला, कधी अधूनमधून. मग मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, ती म्हणाली. मी तेव्हा शिरगावात एका बाईंचा गुडघा वाकवत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात त्यांची पोटरी. मी "हो" म्हटलं, "सांभाळ" म्हटलं, फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा गुडघा वाकवायला लागले.

"कोण होतं हो?" बाईंनी विचारलं.

"एक काका. माझे पेशंट होते."

"बरे झाले का?"

"हात बराच सुधारला होता," मी म्हटलं. "आता पाय सरळ करा."