पुलावरची रिकामी जीप

वेल्ह्याकडच्या एका पुलाचं काम मी सरकारतर्फे बघत होतो. तिथल्या जीपवाल्याला सगळे चाचा म्हणत, मीही. भोरचा माणूस. काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे तो ओल्या गोणपाटात गुंडाळून आपल्या जीपमधून पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचा. खड्डा आला की मागं वळून त्या ठोकळ्यांना म्हणायचा, "सांभाळा, पाव्हणं."

ते ठोकळे पुलाच्या मालातले नव्हते. पुलात सिमेंट कमी घातलं जात होतं. तपासणीचे ठोकळे वेगळे, भरपूर सिमेंट घालून केले जात. मला ते ठाऊक होतं आणि सही माझी होती. चाचालाही ठाऊक होतं.

पूल सुरू झाल्यावर त्यानं त्याच रस्त्यावर वडाप धरलं, जीपमधून उतारू न्यायला लागला. पुलाअलीकडे तो सगळ्यांना उतरवायचा, चालत पलीकडे पाठवायचा आणि मागून रिकामी जीप हळू आणायचा.

"चाचा, पूल काय कागदाचा हाय व्हय?" बायका विचारत.

"पूल चांगला हाय गं. माजीच गाडी म्हातारी, वजन झेपत न्हाई तिला."

म्हाताऱ्या गाडीत कोण बसणार? उतारू दुसऱ्या जीपकडे गेले आणि शेवटी त्यानं गाडी विकली. गाडी धडधाकट होती, हे आता तरी लिहून ठेवतो.

विकण्याआधी एकदा मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पुलापाशी बाकीचे उतरले. तो समोर बघत म्हणाला, "तुमी बसा, साहेब."

मी उतरलो. बायका त्याला हसत चालल्या होत्या. त्यांच्याबरोबर मीही हसलो.