वॉल्टरच्या आजोबांचा गोठा

चहा ओतून घ्या आधी. माझी ही फजिती कोरड्या घशाने ऐकण्यासारखी नाही!

आमचा बॉस वॉल्टर, अमेरिकन माणूस, सिंगापूर सोडून निघाला होता. टीम लीड कोणाला करायचं, हे जाताजाता तोच सुचवणार होता. आणि मला ते पद हवं होतं. चार वर्षं हवं होतं हो! त्यामुळे जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या बाजारात, जेवताना त्याने आजोबांच्या टीमचा इतिहास सुरू केला, तशी मी भक्तिभावाने मान डोलवायला लागलो.

पण दुपारची वेळ, पोटात गरम डोसा, डोक्यावर पंखा गरगरतोय. लागली की माझी तंद्री! अधूनमधून एखादा शब्द तेवढा कानावर पडत होता. 'फार्म टीम'... 'पिचर'... 'बुलपेन'... 'थ्री सीझन्स'... 'नोबडी कॉल्ड हिम अप'...

फार्म म्हणजे शेत. बुलपेन म्हणजे बैलांचा गोठा. आणि पिचर म्हणजे घडा, हे तर शाळेतच पाठ केलंय! मला सगळं दिसायलाच लागलं. पहाटेचं धुकं, कंबरेएवढा मका, बैलांच्या गळ्यात मंद वाजणाऱ्या घंटा, गोठ्यात गार पाण्याचा घडा आणि त्याशेजारी बसलेले वॉल्टरचे आजोबा. तीन हंगाम गेले. पाऊस नाही, कुणाचा फोन नाही. इतकं शांत, इतकं सुंदर, की माझे डोळे भरून आले.

वॉल्टरने माझा हात घट्ट दाबला.

मग निरोपाचं भाषण कोण करणार? माझ्या शेजारी बसणारी मेई लिंग म्हणाली, "यू लाह! फॅमिली स्टोरी ही टोल्ड यू ओन्ली." घरची गोष्ट त्याने फक्त मलाच सांगितली होती ना!

मी जीव ओतून भाषण लिहिलं. लिटल इंडियातून पितळी बैलजोडी आणली. माझ्या बायकोने, मुग्धाने, पोळ्याला घालतात तशा झुली शिवून दिल्या.

"सर," निरोप समारंभात उभा राहून मी म्हणालो, "तुमच्या आजोबांनी तीन हंगाम गोठ्यात काढले. सोबतीला फक्त एक घडा! कुणी साधा फोन केला नाही. पण त्यांनी बैलांना अंतर दिलं नाही!"

आणि मी बैलजोडी पुढे केली.



"अय्यो, व्हॉट बुल?" मेई लिंग कुजबुजली. "बेसबॉल लाह!"

पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. बुलपेन म्हणजे तो आपल्या पाळीची वाट बघतो ती जागा. फार्म टीम म्हणजे छोट्या लीगमधला संघ, जिथून मोठ्या संघाचं बोलावणं येतं. आजोबांना ते कधी आलंच नाही. पुढे टीम बंद पडली, मैदानावर पार्किंग झालं. 'बेसबॉल' हा शब्द वॉल्टरने म्हणे पहिल्याच वाक्यात उच्चारला होता. पण पहिलं वाक्य ऐकलंय कोणी?

वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. गेलंच की हो टीम लीडचं पद!

वॉल्टर मात्र हसून हसून खुर्चीतून घसरायचा बाकी होता. डोळे पुसत म्हणाला, "आता उशीर झाला. तुझं नाव मी सकाळीच वर कळवलं. कारण लिहिलंय, हा माणूस प्रत्येक शब्द लक्ष देऊन ऐकतो."

घरी येऊन मी ओरडलोच, "मुग्धा, मी टीम लीड झालो! नीट ऐकून घेतो म्हणून!"

"हो का?" ती म्हणाली. "मग सकाळी निघताना मी तीनदा काय सांगितलं होतं?"

आज पंधरा दिवस झाले. मी अजून आठवतोय.