चांगलं पाणी

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं. एक वापरायचं आणि एक चांगलं. वापरायचं म्हणजे नळाचं, टाकीतलं. चांगलं म्हणजे फडक्यानं गाळून तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं. कळशी आईची. ती गेल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळशीचं काम आपल्याकडे घेतलं. रोज चिंचेनं घासायचे, भरायचे, वर झाकण ठेवायचे. सुनेलाही हात लावू द्यायचे नाहीत. मी लहानपणापासून तेच पाणी पीत आलो, म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो आणि मला समुद्री जीव पाळायच्या, खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीचं खूळ लागलं. मुंबईच्या दुकानातून समुद्राचं मीठ, उजेडाच्या ट्यूबा, मोटर, पिशव्यांत बांधलेले थोडे मासे, कोळंबी, गोगलगायी आणि तीन मऊ पोवळी बसमधून मांडीवर धरून कोल्हापूरला आणली. मऊ पोवळं हा जिवंत प्राणी असतो. दगडाला चिकटून बसतो आणि उजेड पडला की फुलासारखा उमलतो. शेजारी येऊन विचारायचे, अंगठीत घालतात ते हेच का. मी शहाण्यासारखा लेक्चर द्यायचो. ते माझं आवडतं काम.

आबा एस.टी.चे ड्रायव्हर होते. उभी हयात गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गाड्या नेल्या, पण समुद्र पाहिला तो स्टँडवर वास येईल एवढाच. आई गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. टाकी आली आणि चार दिवसांनी ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. संध्याकाळी मी घरी आलो तर म्हणाले, "आज मधलं फूल लई हसतंय." वर्षभरात त्यांनी आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता. मला इतका आनंद झाला की मी टाकीचं रोजचं काम त्यांनाच देऊन टाकलं.

काम साधं होतं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वर घालायचं. आबांनी लगेच काचेवर खडूची रेघ ओढली. "इंजनातलं पाणी बघितल्याबिगर म्या गाडी हलवली न्हाय कवा," म्हणाले. मी सकाळच्या कॉलेजच्या घाईत होतो. बूट घालता घालता सांगितलं, "नळाचं चुकूनही घालू नका. चांगलं पाणी घाला." आणि कोपऱ्यातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनकडे हनुवटीनं खूण केली. तेवढं पुरेल असं वाटलं.

दोन महिने बरे गेले. मग टाकीतली छोटी कोळंबी मेली, गोगलगायी गळून पडल्या. मासे मात्र ठणठणीत. पोवळी आखडू लागली; मधलं तर कडेनं विरघळत चाललं. मी ट्यूबा बदलल्या, पंखा लावला, मिठाचं प्रमाण तपासलं, मोटरचं तोंड फिरवलं, लोडशेडिंगला शिव्या दिल्या. इंटरनेट कॅफेत बसून परदेशातल्या लोकांना सल्ले विचारले. निम्मं पाणी बदललं की पोवळी दोन दिवस उघडायची, पुन्हा मिटायची. कॅन मात्र संपतच नव्हता. इतका कसा पुरतो, हे मी विचारलं नाही.

उलट मी आबांना पाण्यात पाहू लागलो. ते तंबाखू मळायचे. मला नेमका गुन्हेगार सापडला. एका रविवारी त्यांचे एक जुने कंडक्टर मित्र मलकापूरहून आले होते. चहा चालू होता आणि त्यांच्यासमोर मी म्हणालो, "आबा, तंबाखूचा हात घालता तुम्ही त्यात. तुमच्या हातानंच मरतायत ती." आबांनी तळवा उघडून पाहिला आणि मिटला. मित्रानं बशीतला चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी तंबाखू सोडली. चाळीस वर्षांची सवय. डोकं धरून बसायचे, पण चंची पुन्हा उघडली नाही. खुर्चीही भिंतीकडे सरकवली. पोवळी तरी सुधारली नाहीत.

मग एकदा अचानक कॉलेजला सुट्टी मिळाली आणि मी लवकर परतलो. आबा स्टुलावर उभे होते. मनगटापर्यंत साबणानं धुतलेले हात, त्या हातांत आईची कळशी, आणि टाकीत बारीक धार.

"आबा, हे कुठलं पाणी?"

"चांगलं. तूच म्हणालतास की."

"आणि कॅनमधलं?"

"ते बॅटरीचं पाणी हाय. आयुष्य गेलं माझं बॅटरीत घालण्यात. जित्त्या जिवाला घालत्यात व्हय ते?"

मी कळशीकडे पाहिलं; रोज रात्रभर त्या पाण्यात तांबं उतरत होतं. माशांच्या रोगावर बाजारात तांब्याचं औषध मिळतं, आणि पोवळी, कोळंबी असतील तिथं ते वापरू नये, असं त्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. बाटली माझ्याच कपाटात होती. मुलांना तांब्याच्या अभिक्रिया फळ्यावर लिहून देणारा मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी अक्षरशः कुणाला लागू पडली नसेल.

मी फक्त म्हणालो, "उद्यापासून मी घालतो." खरं सांगितलं नाही. आईच्या कळशीला बोल लागेल, त्यांना दुःख होईल, असं मनाशी म्हणत राहिलो. ते खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर चूक माझ्या बोलण्यात होती, हे कबूल करावं लागलं असतं, आणि त्या रविवारचं बोलणं परत घ्यावं लागलं असतं. माझी तेवढी छाती नव्हती.

तिन्ही पोवळी गेली. टाकी मी देऊन टाकली. आबा पुन्हा गप्प झाले. परसात कढीपत्ता लावायचा होता, तर रोप माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच लाव. माझा हात नको."

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. त्यांनी एकदम विचारलं, "ती फुलं माझ्या हातानंच गेली न्हवं रं?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या आबा, जुनं झालं ते."

त्यांनी मान हलवली. पाणी मागितलं. मी कळशीतलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. पेला घेण्याआधी त्यांनी उजवा तळवा चादरीला दोनदा नीट पुसला. तंबाखू सोडून तेव्हा सात वर्षं झाली होती.